टाकीवरची क्लोरीनची नोंदवही: गरज की ओझे?

पाणवठा:
गावच्या नळयोजनेत जलसुरक्षकाने टाकीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर किती टाकली आणि ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरला आहे का, हे रंगावरून दाखवणाऱ्या तपासणीत) शेवटच्या नळाला क्लोरीन उतरला की नाही, हे रोज वहीत लिहायचे असते. आमच्या गावात ही वही वर्ष संपले की अडगळीत जाते. अमेरिकेत मात्र सार्वजनिक पाणीपुरवठा करणाऱ्याला जिवाणू तपासणीचे निकाल किमान ५ वर्षे, रासायनिक तपासणीचे १० वर्षे आणि शिसे व तांबे यांसंबंधीची कागदपत्रे १२ वर्षे जपावी लागतात. जुलाबाची साथ चार दिवसांत कळते, परंतु फ्लोराईडचे दुष्परिणाम हाडांत दिसू लागेपर्यंत वर्षे लोटलेली असतात, आणि त्या वेळी जुने आकडे हाती नसतील तर दोष कोणत्या विहिरीचा, हे ठरवणे अवघड होते. म्हणून आपल्याकडेही ही वही किमान १० वर्षे जपणे आणि ती ग्रामसभेपुढे ठेवणे बंधनकारक असावे, असे माझे मत आहे.

विहीरकाठ:
मी सहमत नाही. पंप सुरू करणे, व्हॉल्व्ह सोडणे, गळती काढणे ही सगळी कामे तुटपुंज्या मानधनावर करणारा माणूस महिनाअखेरीस एका बैठकीत तीस दिवसांचे रकाने भरतो, हे मी स्वतः पाहिले आहे. कॅनडातील वॉकर्टन गावात मे २००० मध्ये दूषित पाण्याने ७ जण दगावले आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. तेथेही क्लोरीनची रोजची नोंद होती. कर्मचारी मोजमाप न करताच ०.५ किंवा ०.७५ असे आकडे लिहीत असत. विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती तर ही साथ टळली असती, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. तेव्हा पैसा यंत्रांवर खर्च व्हावा, वह्यांवर नव्हे.

पाणवठा:
यंत्रे हवीतच. परंतु त्या कर्मचाऱ्यांचे खोटे उघडकीस यायला त्यांच्याच नोंदी कारणी लागल्या. पाऊस पडला, पाणी गढूळले की क्लोरीन अधिक खर्ची पडतो आणि आकडा हलतोच. तो महिनोन्महिने तसाच राहिला, तर वाचणाऱ्याला तेवढ्यावरूनच संशय यायला हवा. तेथील निरीक्षकांनी ती पाने नीट पाहिली नाहीत, हे खरे दुखणे होते.

घागर:
जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाचांपैकी मी एक. गेल्या श्रावणात आमच्या वाडीच्या शेवटच्या नळाचे पाणी भरलेली जिवाणू तपासणीची बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली, म्हणजे जिवाणू दूषितता असल्याचा इशारा मिळाला. मी वही मागून घेतली, तर तीत रोजची पावडर पुरेपूर टाकल्याची नोंद होती, आणि ती खोटी नव्हती. होळीच्या सुमारास फोडलेले पोते ओल धरून बसले होते आणि पावडरीत क्लोरीन जवळजवळ उरलाच नव्हता. पोते कधी फोडले, हे लिहायला वहीत रकानाच नाही. प्रामाणिक माणसाची नोंदही अशी निरुपयोगी ठरते, म्हणून वही किती वर्षे जपायची याच्या आधी तीत काय लिहायचे, हे ठरवावे.

विहीरकाठ:
ताई, हा मुद्दा मला मान्य आहे. तरीही नवा रकाना म्हणजे त्याच एका माणसावर आणखी एक काम, आणि ते वाचणार कोण, याचे उत्तर धागाकर्त्यांनी दिलेले नाही.

घागर:
आम्ही वाचू. बाटलीचा निकाल आणि वहीचे पान दर सोमवारी शेजारी ठेवून पाहायला आम्हा पाच जणींना अर्धा तासही लागणार नाही. मात्र वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद नसावी, आणि पावडर संपलेल्या दिवशी रकाना कोरा ठेवणाऱ्या जलसुरक्षकाला नोटीस येऊ नये.

पाणवठा:
कोऱ्या रकान्याचा विचार माझ्या मूळ मांडणीत राहून गेला होता. ग्रामसभेपुढे ठराव मांडताना पोते फोडल्याच्या तारखेच्या रकान्याबरोबर तोही घालतो.