मदत हवी आहे: बिल्डमध्ये ठरलेलं व्हेरिएबल रूल्समध्ये कसं वापरायचं?

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी हळदीच्या सौद्यांचं अॅप आम्ही सांभाळतो. डिप्लॉयमेंट (नवं व्हर्जन सर्व्हरवर चढवणं) गिटलॅब पाइपलाइनवर आहे, म्हणजे बिल्ड, डिप्लॉय असे जॉब ओळीने आपोआप चालतात.

बिल्ड जॉबमध्ये इमेजचा (अॅपच्या तयार पॅकेजचा) टॅग आणि डेटाबेसचं स्कीमा (तक्त्यांची रचना) बदललंय का, हे ठरतं. नुसतं एक्स्पोर्ट केलेलं पुढच्या जॉबपर्यंत पोचत नाही, म्हणून दोन्ही व्हॅल्यू फाइलमध्ये लिहून डॉटएन्व्ह रिपोर्ट (पुढच्या जॉबना व्हेरिएबल देणारी फाइल) म्हणून आर्टिफॅक्टमध्ये (जॉबने मागे ठेवलेल्या फाइल्समध्ये) देतो. डिप्लॉयच्या स्क्रिप्टला टॅग व्यवस्थित मिळतो.

अडतंय ते रूल्सपाशी, म्हणजे जॉब पाइपलाइनमध्ये घ्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या अटींपाशी. स्कीमा बदललं असेल तरच मायग्रेशनचा (डेटाबेसची रचना बदलण्याचा) जॉब यायला हवा. पण रूल्स तपासले जातात पाइपलाइन तयार होताना. तेव्हा बिल्ड चाललेलंच नसतं, मग व्हेरिएबल रिकामंच. सध्या मायग्रेशनच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच इफ लावून एक्झिट ० (यशस्वी म्हणून बाहेर पडणं) करतोय. चालतं, पण काही न करताही जॉब हिरवा दिसतो. मायग्रेशन खरंच झालं का, हे बघायला दरवेळी लॉग उघडावा लागतो. सौद्याच्या आकड्यांचा प्रश्न आहे, मला हे धोक्याचं वाटतं.

चाइल्ड पाइपलाइन (मुख्य पाइपलाइनमधून सुरू होणारी वेगळी पाइपलाइन) काढून ट्रिगर जॉबमधून हे व्हेरिएबल पुढे द्यावं का? कुणी केलं असेल तर यामलचा (पाइपलाइनच्या कॉन्फिग फाइलचा) तेवढा भाग कृपया दाखवा. टोकन-पासवर्ड मात्र झाकून टाका.