वुड चिप्स टाकूनही धुराची चव नाही, नुसता कडवटपणा. काय चुकतंय?

अर्धाकच्चा:
नमस्कार मंडळी, झाकणवाला गॅस ग्रिल आहे माझ्याकडे, तीन बर्नरचा. चिकन छान होतं पण धुराची ती चव काही येत नाही म्हणून हिकरीच्या (एक अमेरिकन झाड) लाकडाच्या चिप्स, म्हणजे बारीक ढलप्या, आणल्या, पाकिटावर लिहिलंय तसं अर्धा तास भिजवल्या, फॉइलमध्ये गुंडाळून जाळीवर कडेला ठेवल्या. वीस मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम पांढऱ्या धुराचे लोट, शेजारी काय पेटलं म्हणून डोकावून गेले. खाल्लं तर ओली राख चाटल्यासारखं, जीभ तासभर कडू. पुढच्या वेळी चिप्स अगदी कमी घेतल्या तर चवच नाही. गॅसवर हे जमतच नाही का?

निखारा:
जमतं की. आधी ते भिजवणं बंद करा. लाकडाचा जाड तुकडा तासभर पाण्यात ठेवून मधोमध फोडून बघा, आत कोरडाच निघतो, पाणी फक्त वरवर. आणि तेवढं पाणी उडेपर्यंत लाकूड १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, म्हणजे तुमची ती वीस मिनिटं नुसती वाफ काढण्यात गेली. कडवटपणा त्या दाट पांढऱ्या धुराचा, लाकूड अर्धवट जळतं आणि डांबरासारखा चिकट थर अन्नावर बसतो. पहिला लोट निघून जाऊ द्या, धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल न दिसेल असा झाला की मग चिकन ठेवा. आपल्याला वाटतं जेवढा धूर जास्त तेवढी चव जास्त, तसं नसतं हो.

झाकणझुल्या:
भिजवण्याचं मला नाही पटत. मी कोळशावर करतो, सुक्या चिप्स निखाऱ्यांवर टाकल्या की भसकन पेटतात आणि पाच मिनिटांत खेळ खलास. ओल्या निदान टिकतात तरी.

निखारा:
पेटतात कारण झाकण उघडं असतं. लगेच झाकण लावा, खालची हवा थोडी कमी करा, ज्वाळा बसते आणि लाकूड धुमसायला लागतं. वरचं भोक मात्र उघडं ठेवा नाहीतर धूर आत कोंडून परत तोच कडवटपणा. आणि वेळ टिकायला हवं असेल तर चिप्स कशाला, मुठीएवढे ठोकळे घ्या, ते आरामात पुरतात. ओले करून निखाऱ्यांचीच धग मारण्यात काय अर्थ?

चिमटाधारी:
अर्धाकच्चा, फॉइलची पुडी जाळीवर कडेला ठेवली म्हणताय, आणि त्या कडेचा बर्नर चालू होता का? 😀 नसेल तर आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. जाळी उचला आणि पुडी थेट बर्नरवरच्या पत्र्यावर ठेवा. दुहेरी फॉइल, आत मूठभर सुक्या चिप्स, वरून काट्याने तीन-चार भोकं, बास. मी पहिल्यांदा उत्साहात पुडीची चाळणी करून टाकली होती, हवा शिरली, आतच भडका उडाला, उघडून बघतो तर चिमूटभर पांढरी राख. धूर निघायला लागला की पुडीखालचाच बर्नर चालू ठेवायचा, बाकीचे बंद, आणि चिकन दुसऱ्या टोकाला. पृष्ठभाग गार आणि ओलसर असतो तेव्हा धूर चांगला धरतो म्हणून चिकन फ्रीजमधून काढून सरळ ठेवलं तरी चालतं. दर दोन मिनिटांनी झाकण उचलून बघायचा मोह आवरा, धूरही जातो आणि धगही. मांस आतून ७४ अंश झालं की उतरवा, रंगावर जाऊ नका, धुराने बाहेरून आधीच लालसर दिसतं.

सुताराची_सून:
एक राहिलं. फुकट मिळतात म्हणून सुतारकामाच्या ढलप्या कधीच वापरू नका. प्लायवुडमध्ये गोंद असतो, रंग पॉलिश लावलेलं असतं, ते सगळं धुरातून पोटात. पाइनसारखं राळेचं लाकूडही नको, काजळी धरते. हिकरी चिकनला जरा जड होते असं माझं मत, सफरचंद किंवा चेरीचं लाकूड सौम्य. धुराचा तो वास येतो लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निन नावाच्या घटकामधून, ते तापून फुटलं की ग्वायकॉल वगैरे धुरकट वासाची रसायनं सुटतात, मेस्किट नावाच्या काटेरी झाडाच्या लाकडात लिग्निन भरपूर म्हणून ते एवढं उग्र. आणि ग्रिल उघड्यावरच ठेवा, गॅलरी बंद करून किंवा गॅरेजमध्ये नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अर्धाकच्चा:
धन्यवाद सगळ्यांना. बर्नर बंदच होता त्या बाजूचा, कबूल 🙈 काल परत केलं, सुक्या चिप्स, पुडी पत्र्यावर. सात-आठ मिनिटांत धूर आला, दाट होता तोवर थांबलो, मग चिकन. पुडी अर्ध्या तासात संपली, दुसरी लावली नाही. कातडीला फिकट तांबूस रंग आणि चव अगदी मागून येते, हवी तशी. उरलेल्या चिप्सवर मासा करावा म्हणतोय, तेवढाच वेळ द्यायचा का?

चिमटाधारी:
छे, पातळ तुकडे दहा-बारा मिनिटांत शिजतात. अर्धी मूठ पुरे, आणि तुमची ती हिकरी नको, माशाची चवच मारून टाकेल.