दुपारी टायरातली हवा वाढते, ती येते कुठून?

पऱ्हाटीफाटा (प्रश्न)
नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे. पहाटे, तापमान २७ अंश असताना, मोटरसायकलच्या मागच्या चाकात ३३ पौंड हवा. दुपारी दोनला डांबरी रस्त्यानं तीस किलोमीटर आल्यावर तेच गेज त्याच चाकात ३८ दाखवते. टायरला हात लावला तर चटका बसतो, आतली हवा ६० अंशांच्या आसपास असावी. व्हॉल्व्हमधून आत काहीच गेलेलं नाही. मग वाढलं काय?

पुस्तकात एवढंच की उष्णतेनं कणांची हालचाल वाढते. त्यावरून ५ पौंडांचा हिशेब लागत नाही. ३३ ला ६० नं गुणून २७ नं भागलं तर ७३ येतात, म्हणजे टायर फुटायलाच पाहिजे. दुपारी थोडी हवा सोडावी का? नायट्रोजन भरला तर वाढत नाही म्हणतात, ते खरं का? आणि गोबरगॅसची टाकी हिवाळ्यात अर्धीच वर येते, तेही याच कारणानं का?

प्रयोगवही
तुमच्या हिशेबात दोन शून्यं खोटी आहेत.

पहिलं गेजचं. पंक्चर टायरला गेज लावलं तर ० येते, पण टायरात हवा नाही असं नसते. बाहेर जेवढा दाब तेवढाच आत आहे, एवढंच ते ० सांगते. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठी १४.७ पौंड. आपण समुद्रसपाटीपासून तीनशेएक मीटर वर, म्हणून १४ धरा. टायरातला खरा दाब ३३ + १४ = ४७.

दुसरं शून्य थर्मामीटरचं. ० अंशाला पाणी गोठते, हवेचे कण काही थांबत नाहीत. कणांच्या गतीचा हिशेब उणे २७३ पासून मांडायचा. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, ६० म्हणजे ३३३.

आता ४७ × ३३३ ÷ ३०० = ५२. त्यातून बाहेरचे १४ वजा केले की ३८. तुमचं गेज बरोबर आहे.

आत वाढलं काय, तर धडका. कण तेवढेच आहेत. ३०० केल्विनला नायट्रोजनच्या रेणूचा वेग सेकंदाला साधारण ५१७ मीटर (वर्गांची सरासरी काढून त्याचं वर्गमूळ घेतलेला). ३३३ केल्विनला ५४५. म्हणजे वेग जेमतेम साडेपाच टक्के वाढला, अन् दाब मात्र ११ टक्के! कारण वेगाचा परिणाम दोनदा होतो. प्रत्येक धडक साडेपाच टक्के जोरात बसते, आणि समोरच्या भिंतीवरून परत यायला वेळ कमी लागतो म्हणून धडकाही तेवढ्याच टक्क्यांनी जास्त होतात. १.०५४ गुणिले १.०५४ केलं की १.११. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे डॅनियल बर्नुलीनं १७३८ मध्येच मांडलं होतं. तेव्हा रेणू कुणी पाहिलेलाही नव्हता.

पोरांना शिकवत असाल तर दोन गैरसमज आधी काढा. गरम झाल्यावर कण फुगत नाहीत, आकार तोच राहतो. आणि दोन कणांच्या मधल्या जागेत हवा नसते. तिथं काहीच नसतं. वर्गात विचारून पाहा, निम्मी पोरं "हवा" म्हणतील.

स्पॅनरबारा
हवा सोडू नका भाऊ. कंपनीनं छापलेला आकडा थंड्या टायरचा राह्यते. गाडी तीन घंटे सावलीत उभी पायजे, तवाचा. दुपारी वाढणार हे धरूनच तो आकडा देला हाय.

तुम्ही दुपारी ३८ चे ३३ केले तर पहाटे काय होईन ते वरच्याच गणितानं पाहा. ४७ गुणिले ३०० भागिले ३३३, आले ४२. चौदा काढले, राह्यले २८. पाच पौंड कमी. मंग टायरची बगल जास्त वाकते, वाकून वाकून रबर तापते, अन् दुसऱ्या दिवशी टायर कालच्यापेक्षा गरम. हवा सोडली टायर थंडा राहावा म्हणून, अन् झालं उलटं.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हेच जास्त दिसते. तिथं हवा कमी, समजा १२ पौंड. २६ चे होतात २९, गेज सांगते १५. म्हणजे १२ चे १५, चौथाई वाढ! लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही, खरा दाब ११ टक्केच वाढला, गेज फक्त वरचावरचा हिस्सा दाखवते.

पण चाकात पाणी भरलं असन तर गोष्ट वेगळी. पाऊण भाग पाणी, पाव भाग हवा. २७ पासून ६० अंशापर्यंत पाणी सव्वा टक्क्याच्या वर फुगते. शंभर लिटरच्या जागेत ७५ चे ७६ लिटर झाले, हवेले २५ च्या जागी २४ राह्यले. कणाइले जागा कमी, धडका जास्त. १५ च्या जागी १६ दिसते. पाण्याचं चाक मोजतानी व्हॉल्व्ह एकदम वर आणून मोजा. खाली असला तर पाण्याचा भारही मोजल्या जाते, अन् गेजमंधी पाणी गेलं की गेज कामातून गेलं.

पऱ्हाटीफाटा
१४ मिळवायचे हेच कुणी सांगत नाही. नायट्रोजनचं राहिलं. आणि एक शंका: कण सेकंदाला ५०० मीटर धावतो, तर फोडणीचा वास चुलीपासून अंगणात यायला वेळ का लागतो?

प्रयोगवही
कण सरळ जात नाही म्हणून. साध्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये २४ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. एक रेणू मिलिमीटरच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाएवढं अंतर जातो की दुसऱ्याला धडकतो. सेकंदाला सात अब्ज धडका, प्रत्येक वेळी दिशा नवी. पोळ्याच्या गर्दीत तोरणापर्यंत पोचायचं तसं, पाय चालतात पण माणूस तिथंच. अंगणात वास येतो तो मुख्यतः वाऱ्यावर. म्हणून "अगरबत्तीचा वास पसरतो, हा विसरणाचा (कण आपोआप पसरण्याचा) पुरावा" हा वर्गातला आवडता प्रयोग माझ्या मते कच्चा आहे. त्यापेक्षा सिरिंज घ्या. २० मिलिलिटरवर दट्ट्या ठेवून तोंड अंगठ्यानं बंद करा आणि १० वर दाबा. दाब दुप्पट झालेला अंगठ्यालाच कळते. दट्ट्या सावकाश दाबायचा, झटक्यात नाही. कारण पुढचे सांगतील.

स्पॅनरबारा
नायट्रोजन. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच हाय. गरम झाल्यावर दोन्ही सारखेच वाढतात. कण कोणत्या जातीचा हे दाब पाहत नाही, किती कण अन् किती तापमान एवढंच पाहते. फरक पडतो तो पाण्यानं. दुकानच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत खाली पाणी साचते. खालचा नळ रोज नाही सोडला तर ते पाणी हवेसंगं टायरात जाते. २७ अंशाले पाण्याच्या वाफेचा दाब अर्धा पौंड, ६० ले जवळपास ३ पौंड. त्यानं ३८ च्या जागी ४० दिसू शकते. अन् त्याले पाणी किती लागते, तर मोटरसायकलच्या टायरात ग्रॅमभर! नायट्रोजन कोरडा राह्यते, म्हणून वाढत नाही असं वाटते. टाकीचा नळ सोडणारा पंक्चरवाला पाहा, पैसे वाचतीन.

सिरिंज झटक्यात कायले नाही दाबायची? हातपंप पाहा. बूड गरम होते, लोक म्हंतात घासून. घासणं थोडंच हाय. नळी मोकळी सोडून पन्नास वेळा पंप हाणा, घासणं तेवढंच, पण बूड कोमटच राह्यते. टायरले लावून हाणा, मंग पाहा चटका. दट्ट्या पुढे येत असतानी त्याच्यावर आपटलेला कण जास्त वेगानं परत जाते. विटी हवेत असतानी दांडू पुढे आणून टोला मारला तसं. सगळ्या कणाइचा वेग वाढला म्हणजेच हवा तापली. डिझेल इंजिनात हवा सतरा पट दाबली तर कागदावर ६५० अंश येतात, खरोखर कमी भरतात कारण उष्णता सिलिंडरच्या भिंती खातात. तरी डिझेल पेटते, प्लग लागत नाही. हिवाळ्यात पहाटे भिंती थंड्या अन् रिंगा घासलेल्या असल्या की दाबलेली हवा सुटते, तापत नाही, अन् मंग ट्रॅक्टर पांढरा धूर टाकते.

कुटारवाला
गोबरगॅसचं मी सांगतो. याच कारणानं, पण थोडंच.

तरंगत्या टाकीत दाब तापमानावर ठरत नाही. टाकीच्या वजनावर ठरतो, साधारण १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका, उन्हाळ्यातही तेवढाच आणि हिवाळ्यातही. टायरात जागा बांधलेली असते म्हणून दाब वाढतो, इथं दाब बांधलेला आहे म्हणून टाकी वरखाली होते. ३५ अंशांवरून १५ वर आलं की ३०८ चे २८८ केल्विन, म्हणजे साडेसहा टक्के घट. शिवाय ३५ अंशांना त्या वायूत साडेपाच टक्के पाण्याची वाफ असते, १५ ला दोनाच्या आत, बाकीची पाणी होऊन पडते. दोन्ही मिळून १० टक्के. टाकी निम्मी राहते त्यातले उरलेले ४० टक्के कणांचे नाहीत, जंतूंचे आहेत. मिथेन करणारे जंतू ३५ अंशांच्या आसपास नीट काम करतात, १५ खाली जवळपास बसून राहतात. तेव्हा टाकीभोवती कुटाराचा (भुशाचा) जाड थर द्या, शेण कालवायला दुपारचं उन्हात तापलेलं पाणी घ्या, पाणी शेणाइतकंच.

पडलेली वाफ मात्र विसरू नका. ती नळीत साचते. शेगडीची ज्योत आधी फडफडते आणि मग विझते. लोक म्हणतात गॅस संपला, आणि टाकी तर अर्धी वर असते. दाबच १० सेंटिमीटर पाण्याचा, त्यामुळे नळीच्या झोळात तेवढ्याच उंचीचं पाणी साचलं की गॅस पूर्ण अडतो. नळी दर मीटरला एक सेंटिमीटर उतार देऊन बसवा, सगळ्यात खालच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) आणि कॉक लावा, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी काढा.

पऱ्हाटीफाटा
कॉक नाहीच आमच्याकडे. नळी गोठ्यामागं चांगली वीतभर झोळ देऊन लोंबते आहे. ज्योत दिवाळीनंतर फडफडतेच.

कुटारवाला
वीतभर म्हणजे वीसेक सेंटिमीटर, दाबाच्या दुप्पट. झोळ पाण्यानं निम्मा भरला तरी गॅस बंद पडेल. आधी झोळाखाली दगड लावून नळी उचला, कॉक नंतर बसवा. आणि पाणी काढताना शेगडी बंद, जवळ बिडी नको.