मदत हवी आहे: एफबीएसचा नवा लॉट आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर

नमस्कार मंडळी. आम्ही अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल स्टेम सेल्स (हाड, कूर्चा, चरबीच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) १० टक्के एफबीएसवर (गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम) वाढवतो. चालू लॉट, म्हणजे सीरमची एका वेळची खेप, संपत आलाय. लॉट बदलला की या पेशी रुसतात, म्हणून मोठी ऑर्डर देण्याआधी दोन-तीन लॉटचे नमुने मागवून तुलना करणार आहोत. वाढीचा वेग आणि कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके) बघूच. पण हाडाच्या पेशींत रूपांतर नीट होतं का, हेही प्रत्येक लॉटला तपासता का? मला ते गरजेचं वाटतं, सरांना वेळखाऊ.

दुसरं म्हणजे साठवण. सीरमची बाटली फ्रिजमध्ये रात्रभर वितळवून ५० मिलीच्या ट्यूबमध्ये भरतो आणि उणे २० ला ठेवतो. नवा फ्रीझर मात्र फ्रॉस्ट-फ्री आलाय, म्हणजे बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून आपोआप गरम होतो आणि आतलं तापमान सतत वरखाली. त्यात सीरम ठेवायचा धीर होत नाही. कुणी ठेवतं का? आणि वापरण्याआधी सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवणं (त्यातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं निकामी करायला) या पेशींसाठी कुणी बंद केलंय का?