कॉन्टेसाचा डॅशबोर्ड तडकलाय: भरू, रेक्झिन मारू की दुसरा शोधू?

सोलापुरी_चटका

नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांची १९९१ ची कॉन्टेसा क्लासिक आहे, इसुझूचं १८०० सीसी पेट्रोल इंजिनवाली, पांढरी. आप्पा गेल्यावर दोन वर्षं शेडमध्ये उभी होती, यंदा दिवाळीत बाहेर काढली. कार्ब्युरेटर, ब्रेक, टायर सगळं झालं, गाडी रस्त्यावर मस्त तरंगत जाते, पण आत बसलं की समोर डॅशबोर्ड बघून जीव जळतो.

तीन चिरा आहेत. मोठी काचेवर हवा मारायच्या जाळीपासून निघते ती थेट मीटरच्या छपरापर्यंत, साधारण वीतभर. कडा पापडासारख्या वर आल्यात आणि बोट फिरवलं की आतला पिवळा स्पंज भुकटी होऊन पडतो. दुसरी ग्लव्ह बॉक्सच्या वर, बारीक. तिसरी डॅशवर आप्पांनी चिकटवलेल्या गणपतीला अगदी खेटून. गाडी घेतल्यापासून गणपती तिथेच आहे आणि आईचं स्पष्ट म्हणणं आहे की त्याला हलवायचं नाही.

इथला एक कुशनवाला म्हणतो डॅशबोर्ड काढायची गरजच नाही, वरूनच रेक्झिन मारतो, साडेतीन हजार द्या, संध्याकाळी गाडी घेऊन जा. पुण्यात एकाला फोटो पाठवले तर तो म्हणाला डॅश काढून करावं लागेल, १८ हजार आणि पंधरा दिवस गाडी ठेवा. मित्र म्हणतो पुट्टी भर, घास, काळा स्प्रे मार, विषय संपला. कोणाचं ऐकू? आणि मुळात हे तडकतं कशाने, आप्पा तर दर रविवारी डॅशला चकचकीत पॉलिश मारायचे.

बंद_गॅरेज

काही करू नका. काळं कार्पेट कापून वर टाका, ५०० रुपयांत काम. ओरिजिनल ते ओरिजिनल, तडकलेलं असलं तरी.

कुशनवाला_कोल्हापूर

भावा, वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो. साडेतीन हजारवाला काय चोर नाही, पण ते काम एक उन्हाळा बघतं, दुसरा बघत नाही. डॅशबोर्डला फुगवटे असतात तसे खड्डेही असतात. फुगवट्यावर रेक्झिन ताणून बसतं, पण मीटरच्या छपराखाली जिथं आत वळण जातं तिथं ते कायम सरळ व्हायला बघतं. सोलापूरच्या मे महिन्यात काचेखाली चिकटवायचं साधं सोल्युशन मऊ पडतं आणि रेक्झिन नेमकं त्या खड्ड्यात तंबूसारखं उभं राहतं. शिवाय डॅश जाग्यावर असताना कडा आत दुमडायला जागाच नसते, मग लोक कटरनं कापून कडेला बीडिंग चिकटवतात. लई घाण दिसतं ते.

आधी एक काम कर. चिरेपासून दोन-दोन बोटं लांब अंगठ्यानं दाबून बघ. खालचा स्पंज टणक असेल, दाबल्यावर परत वर येत असेल तर ती चीर भरता येते, रेक्झिनची गरज नाही. पण अंगठा आत जातो आणि खाली कुरकुर वाजतं, तर समज स्पंज मेला. मग वरची कातडी तिथून काढून, खराब स्पंज खरवडून, नवा भरून, घासून आकार आणून मगच रेक्झिन. तुझ्या तीन चिरांना तीन वेगळी उत्तरं निघतील, एकच इलाज सगळीकडं नको.

आणि रेक्झिन घेताना उलटं करून बघ. मागं विणलेलं, बनियनसारखं ताणणारं कापड पाहिजे. सीटला वापरतात ते जाड कडक अजिबात नको. एक मिलीपेक्षा जाड घेतलंस तर नंतर एसीच्या जाळ्या आणि मीटरची चौकट परत जाग्यावर बसत नाही, मग हातोड्यानं ठोकत बसशील. चमकणारं पण नको, दुपारी सगळा डॅश समोरच्या काचेत दिसतो.

एनई११८

पुट्टीचं मी सांगतो कारण आमच्या काकांच्या प्रीमियर ११८ एनई गाडीवर मी स्वतःच्या हाताने हा पराक्रम केलाय. बॉडीला लावतात ती पुट्टी भरली, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासली, स्प्रे मारला, काका इतके खूश की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मे महिना गेला आणि पुट्टी जशीच्या तशी राहिली पण तिच्या दोन्ही बाजूंनी नवीन चिरा आल्या. आधी एक होती, आता दोन. कारण साधं आहे, ती पुट्टी दगडासारखी होते आणि आजूबाजूची कातडी उन्हात-थंडीत हलत राहते, मग जोडावर फाटणारच.

भरायचंच असेल तर प्लॅस्टिक बंपर दुरुस्तीसाठी दोन नळ्यांचं लवचिक फिलर मिळतं ते घे, सुकल्यावर सुद्धा थोडं वाकतं. वर आलेल्या कडा आधी ब्लेडने कापून टाक, हे लोक करतच नाहीत, त्याच दाबून बसवायला बघतात, त्या कधीच बसत नाहीत. मग चीर व्ही आकारात रुंद कर, फिलर भर, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला सुरुवात करून ३२० वर संपव. मास्क लावून, त्या जुन्या स्पंजची धूळ फुप्फुसात घ्यायची वस्तू नाही.

आणि आप्पांच्या त्या पॉलिशबद्दल. त्यात सिलिकॉन असेल तर फिलर आणि रंग दोन्ही धरणार नाहीत, रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात. घासायच्या आधी साबणाच्या पाण्याने दोनदा पूस, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी नवं फडकं. घासून मग पुसलंस तर ते सिलिकॉन आत चोळल्यासारखं होतं.

फिनिक्सकर

मी मूळचा बार्शीचा, आता अ‍ॅरिझोनात, म्हणजे सोलापूरहून निघून अजून मोठ्या तव्यावर. माझ्याकडे १९८३ ची मर्सिडीज ३००डी आहे, डब्ल्यू १२३. या गाडीचे डॅश इकडे हमखास तडकतात, त्यामुळे हा विषय जरा जास्तच वाचलाय.

तडकतं कशाने ते सांगतो. वरची कातडी म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं रसायन मिसळतात, प्लॅस्टिसायझर. उष्णतेने ते हळूहळू उडून जातं. उन्हात राहिलेल्या गाडीच्या काचेवर आतून जो तेलकट धुरकट थर येतो ना, त्यात बराच भाग हाच असतो, म्हणजे तुमचा डॅशबोर्डच थोडा थोडा काचेवर जाऊन बसतो. मऊपणा गेला की कातडी आकसते, पण खाली स्पंजला चिकटलेली असल्यामुळे आकसायला जागा नाही, मग जिथे आधीच भोक किंवा कोपरा असेल तिथून फाटते. म्हणून चीर जवळजवळ नेहमी जाळीच्या, स्पीकरच्या नाहीतर स्क्रूच्या भोकापासून निघते. तुमचीही जाळीपासूनच निघालीय बघा.

किती तापतं? २०१८ मध्ये इथल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि सॅन डिएगोच्या लोकांनी टेम्पीमध्ये गाड्या उन्हात उभ्या करून मोजलं होतं. तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअस, स्टिअरिंग ५३ च्या आसपास. म्हणजे काचेखालची ती पट्टी गाडीतल्या बाकी सगळ्यापेक्षा वेगळ्याच हवामानात जगते.

इकडे डब्ल्यू १२३ साठी डॅश कॅप मिळते, प्लॅस्टिकचं पातळ टरफल, डॅशच्या आकाराचं, जुन्यावर सिलिकॉनने चिकटवायचं. मी तेच केलं. लांबून छान दिसतं, पण जवळून कडेची रेघ दिसते आणि टकटक केलं की पोकळ वाजतं, खोटं कशाला बोलू. दुसरा मार्ग म्हणजे अख्खा डॅश पाठवायचा, ते लोक जुनी कातडी काढून नवीन तापवून व्हॅक्यूमने बसवून देतात, अगदी कारखान्यातल्यासारखं, पण त्या पैशात माझी दुसरी ३००डी आली असती. कॉन्टेसासाठी कॅप मी तरी कुठे पाहिलेली नाही.

बंद_गॅरेज

टोपी घातल्याने टक्कल जात नाही हो फिनिक्सकर.

फिनिक्सकर

मान्य. पण ऊन लागत नाही.

सोलापुरी_चटका

सगळ्यांचे आभार, खूप कळलं. अंगठा लावून बघितला. ग्लव्ह बॉक्सवरची आणि गणपतीजवळची, दोन्ही टणक आहेत. मोठ्या चिरेपाशी मात्र अंगठा आत जातो आणि कुरकुर पण वाजते. म्हणजे दोन भरायच्या आणि एक उघडायची असं समजतो. एक प्रश्न राहिला, कॉन्टेसा बनवणं २००२ ला बंद झालं तरी स्क्रॅपमध्ये अख्खा डॅशबोर्ड मिळेल की नाही? मिळाला तर हे सगळं करायचंच कशाला?

एनई११८

कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचार, नाहीतर कोलकात्याला मलिक बझार. गाडी तिकडचीच, हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातली. पण मिळेल तो डॅशही तीस वर्षांचाच असणार, तुझ्याइतकाच वाळलेला. एका ओळखीच्याने असा मागवला होता, ट्रान्सपोर्टने आला तेव्हा जाळीच्या कोपऱ्यात तडकलेला, वर त्याचे पैसे. बघायचाच असेल तर स्वतः जाऊन हातात धरून वाकवून बघ, फोटोवर घेऊ नकोस.

कुशनवाला_कोल्हापूर

बरोबर. आणि तू काढणारच असशील तर घाई करू नको. पहिला बॅटरीचा निगेटिव्ह काढ. मग मीटरच्या मागून स्पीडोची केबल सोडव, ती विसरून लोक मीटर ओढतात आणि केबलचं टोक तोडतात. प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नाव लिही, फोटो काढ, आणि स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत ठेव. शेवटी एक माणूस डावीकडं, एक उजवीकडं. एकट्यानं उचललास तर मधूनच मोडतो, वाळलेला असतो ना.

गणपतीचं आईला नीट समजावून सांग. उपटायचा नाही. हेअर ड्रायरनं टेप गरम करायची आणि दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा चालवायचा, अलगद सुटतो. त्याच्या खालचा तुकडा जपून ठेव, घासू नको, पुसू पण नको. तीस वर्षं ऊन लागलेलं नाही त्याला. खरा रंग आणि खरी दाणेदार नक्षी तिथंच मिळेल, बाकी डॅशवरचा रंग उडालेला असतो, त्याला मॅच करत बसलास की फसलास.

सोलापुरी_चटका

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

गणपती निघाला. आईने आधी नारळ ठेवला, मग मला ड्रायर चालवायची परवानगी दिली. खाली साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढा गोल, आणि मंडळी तो कुळकुळीत काळा. आम्ही इतकी वर्षं डॅशबोर्ड राखाडी समजत होतो. नक्षीही अशी ठसठशीत की नखाला लागते, बाकी डॅशवर ती पॉलिशने आणि उन्हाने जवळजवळ बुजलीय.

मग डोक्यात आलं ते सांगतो. मेव्हणा डेंटिस्ट आहे, दातांचं माप घ्यायला ते दोन रंगांचं सिलिकॉन मळतात ना, ते त्याने त्या गोलावर दाबलं. पहिल्या वेळी हवेचे बुडबुडे आले, दुसऱ्यांदा नक्षीचा हुबेहूब ठसा. दोन्ही बारीक चिरा लवचिक फिलरने भरल्या, घासल्या, वर एक पातळ थर दिला आणि तो अर्धवट सुकला असताना हा ठसा सरकवत सरकवत दाबत गेलो. मग मॅट काळा व्हिनाइल स्प्रे, एकदम जाड नाही, चार हलके हात. ग्लव्ह बॉक्सवरची आता मला स्वतःला शोधावी लागते. गणपतीजवळची संध्याकाळी तिरपं ऊन आलं की दिसते, तिथे मी कड नीट कापली नव्हती, एनई११८ यांनी सांगूनही.

मोठी चीर हा मात्र वेगळाच किस्सा निघाला. मी आणि मेव्हण्याने डॅश बाहेर काढला तर खालचा स्पंज ओला. उन्हाने वाळलेला समजत होतो तो शेडच्या गळतीने भिजलेला. शेडचा पत्रा गळायचा आणि गाडीच्या काचेचं रबर कडेला कडक होऊन उघडलेलं, तिथून पाणी थेट आत. काचेखालच्या पत्र्यावर गंजाचे फोड आलेत. आधी तो खरवडून रेड ऑक्साइड मारला, काचेचं नवं रबर बसवायला दिलंय, ते झाल्यावर पाइपने पाणी मारून बघणार आणि मगच डॅश कोल्हापूरला घेऊन येतो. कुशनवाले दादा, मधला भाग उघडून स्पंज भरून फक्त तेवढ्यावर रेक्झिन घालता येईल का, की एका शिलाईपासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खा घ्यावा लागेल?

कुशनवाला_कोल्हापूर

अख्खा वरचा पट्टा घ्यावा लागेल, मधेच जोड दिला तर तो ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर येतो. म्हणजे तू भरलेल्या दोन्ही चिरा रेक्झिनखाली जाणार, वाईट वाटून घेऊ नको. नक्षी मात्र झकास जमलीय, फोटो मोठा करून बघितला. तो ठसा घेऊन ये, त्याच्याशी जुळणारं रेक्झिन शोधू. स्पंज आधी पूर्ण वाळू दे, ओल्यावर माझं सोल्युशन बसत नाही.

बंद_गॅरेज

५०० रुपयांचं कार्पेट.

सोलापुरी_चटका

घेतलंय हो, डॅश परत बसला की उन्हात गाडी उभी करताना टाकणार. रबरवाल्याने पुढच्या मंगळवारचा वायदा दिलाय. तोवर स्पीडोची केबल टेबलावर पडलीय, हाताने फिरवली की एका जागी अडकते आणि कुई करते. तिला आतून ग्रीस कुठलं घालायचं त्याचा वेगळा धागा काढतो, इथे नको.