मदत हवी: काल्याच्या दिवशी मंदिरावर विमानातून फुलं टाकायची, परवानगी कोण देते? (अर्जंट)

टेकाडीवाला: शनिवारी सप्त्याचा काला हाये, वरून फुलं टाकायची हायेत. तहसीलवाले म्हनते आमचं काम नाई, ठाणेदार म्हनते लेखी आना, कोनाचं लेखी ते कोनी सांगत नाई. पत्रिका छापून वाटून झाल्या, लवकर सांगा.

कोरडवाहू: हेलिकॉप्टर का विमान? गाव कोणतं?

टेकाडीवाला: विमान, लहानवालं. गावाशी काय करायचं भाऊ, परवानगीचं सांगा न.

धावपट्टीच्या_कडेचा: गावाशीच तर करायचं आहे. डीजीसीएचा, म्हणजे विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा की दाट वस्तीवरून किंवा उघड्यावर जमलेल्या गर्दीवरून जाताना ६०० मीटरच्या घेऱ्यात जे सगळ्यात उंच असेल त्याच्याही वर ३०० मीटर, म्हणजे १००० फूट राहावं लागतं, मोकळ्या शिवारावर १५० मीटर चालतं. उडताना-उतरताना सूट, नाहीतर खास परवानगी. गावात टॉवर आहे का?

टेकाडीवाला: हाये न, शाळेच्या मांगं. ४० मीटरचा असन.

धावपट्टीच्या_कडेचा: मग ३४० मीटरच्या खाली यायचं नाही. तिथून पाकळी सोडली तर खाली यायला तीन-चार मिनिटं सहज लागतील आणि जराशी हवा असली तरी अर्धा किलोमीटर वाहत जाईल, म्हणजे वर्गणी तुमची अन् पुष्पवृष्टी शेजारच्या गावात. अन् मोबाइलच्या ॲपवर विमानाची उंची दिसते ती समुद्रसपाटीपासूनची, आपल्याकडं जमीनच ३०० मीटरच्या आसपास आहे, ते पाहून हिशेब लावू नका.

बचतगट_ताई: विमान काऊन पाह्यजे? आमच्या गटाकडं फवारणीचा ड्रोन हाये, मी सोता चालवतो, टाकीच्या जागी टोपलं बांधलं का झालं.

संत्रावाला: ताई, १० लिटरची टाकी भरली का तुमचा ड्रोन २५ किलोच्या जवळ जाते. कीर्तनात कोनाच्या डोक्यावर आला तं काला राहीन बाजूले, तेरवी करा लागन.

बचतगट_ताई: दोन वर्षं झाले कपाशीवर उडवून राह्यली, एकदा नाई पडला. तुमी चालवला का कधी?

कोरडवाहू: कपाशीवर पडला तर कपाशी मोडते ताई, तिथं दोन हजार माणसं बसतात. ड्रोनला पण सरकारी नकाशावर झोन पाहावा लागतो, ग्रीन म्हणजे वेगळी परवानगी न लागणारा असेल तर ४०० फुटांपर्यंत, एअरपोर्टपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये असाल तर २०० च.

टेकाडीवाला: ड्रोन कोनी इचारला बावा?

गुरुजी_निवृत्त: मुलाला वैमानिक करायचे असल्यास बारावीला भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागते. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण आहे.

टेकाडीवाला: गुरुजी, पोरगी तिसरीत हाये माही.

संत्रावाला: महाप्रसादाले रोडगे हायेत का पुऱ्या?

धावपट्टीच्या_कडेचा: ते राहू द्या. विमान आणणार कोण, कंपनी कोणती?

टेकाडीवाला: कंपनी नाई. मामाच्या पोराच्या ओळखीचा पोरगा ट्रेनिंगले हाये, तो म्हनते तेलाचे पैसे द्या, मी आनतो. मंडळाचे दोघं मांगं बसतीन गोण्या घेऊन.

धावपट्टीच्या_कडेचा: हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं राजेहो! शिकाऊ पोराला एकट्यानं उडायचीच मुभा असते तीही मास्तरच्या सहीनं, सोबत माणूस बसवताच येत नाही, अन् ट्रेनिंगचं सेसना १५२ असेल तर त्यात मांगची सीटच नसते. शिवाय परवानगीशिवाय विमानातून काहीच टाकता येत नाही, फूल असो की पॅम्प्लेट. ज्यांच्याकडं अशा कामाचं परमिट आहे ते ऑपरेटर डीजीसीएकडं अर्ज करतात, कलेक्टर-एसपीला पत्र वेगळं. शनिवारपर्यंत विसरा. त्या पोराला आजच फोन करा, उगीच त्याचं करिअर जाईल.

टेकाडीवाला: पत्रिकेत "आकाशातून पुष्पवृष्टी" छापलं हाये, त्याचं काय करू?

कोरडवाहू: मंदिराजवळ पाण्याची टाकी असेल तर तिच्यावरून टाका. ग्रामपंचायतीला विचारलं की झालं.

संत्रावाला: झाकण लावून घ्या पन, नाईतं नळाले झेंडू येतीन.

टेकाडीवाला: सरपंच दुसऱ्या पार्टीचा हाये. कलेक्टर ऑफिसात कोनाची ओळख असन तं सांगा न.