डिस्क वाचता येत नसेल तर ड्रायव्हरने (डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) किती वेळ झटत बसायचं?

कृष्णाकाठ, सांगली:
मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीत हिशेबाचं मशीन लिनक्सवर आहे. फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एक्स्ट४, आत एकच जुनी हार्ड डिस्क. ऐन सौद्याच्या वेळी पडदा थिजला. शेतकरी पट्टीसाठी खोळंबलेले, दिवाणजी माउस आपटतायत. लॉगमध्ये एकच रड: रीड कमांड फेल, लिंक हार्ड रीसेट (डिस्कशी जोडणी तोडून नव्याने सुरू), पुन्हा रीड कमांड फेल.
माझं म्हणणं, वाचता येत नसेल तर ड्रायव्हरने ईआयओ एरर, म्हणजे 'वाचता आलं नाही' हा निरोप, वर प्रोग्रॅमकडे फेकावी आणि मोकळं व्हावं. डिस्कचं फर्मवेअर (तिच्या आतलाच प्रोग्रॅम) स्वतःच आत पुन्हा पुन्हा वाचून बघतं. साध्या डेस्कटॉप डिस्कला त्यात मिनिटाच्या वरही वेळ लागतो. कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, ३० सेकंदांचं. म्हणजे डिस्क उत्तर द्यायच्या आतच कर्नल तिला रीसेट मारतो आणि पुन्हा तेच मागतो. वाचन तर होत नाहीच, वर सगळं मशीन वेठीला.

भडंगप्रेमी:
मोकळं व्हावं? त्या सेक्टरवर (डिस्कवरच्या त्या छोट्या कप्प्यात) पेठेतली उधारी असली तर? काठावरचा सेक्टर एकदा वाचला जात नाही, नंतर वाचला जातो, हे डिस्क हाताळणाऱ्या कुणालाही विचारा. ३० सेकंद कमी पडत असतील तर टाइमआउट १८० करा. एका फाइलीत आकडा लिहायचा, एवढंच काम.

कृष्णाकाठ:
म्हणजे दिवाणजींनी तीन मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं. त्यापेक्षा स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कचीच एररची मुदत ७ सेकंदांवर आणा. अर्थात बऱ्याच स्वस्त डिस्कांत ती सोयच नसते.

भडंगप्रेमी:
अहो, ते ७ सेकंद रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडतात त्यासाठी! तिथे दुसऱ्या डिस्कवर प्रत असते, म्हणून पहिलीने लवकर हात वर केलेले चालतात. तुमच्याकडे एकच डिस्क. तिने हात वर केले की विषय संपला.

कंदीपेढा, सातारा:
तुम्ही दोघं सेकंदांवरून भांडताय, पण गेलेला ब्लॉक कसला होता ते कुणीच विचारत नाही. साध्या डेटाचा गेला तर त्या वाचनापुरती ईआयओ येते, बाकी गाडा चालू राहतो. मेटाडेटाचा (कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदींचा) गेला तर मात्र एक्स्ट४ने रीड-ओन्ली व्हावं, म्हणजे वाचू द्यावं पण लिहू देऊ नये, याच मताचा मी आहे. ट्यून२एफएस या कमांडने तसं ठरवून ठेवता येतं.

भडंगप्रेमी:
आणि दुपारी रीड-ओन्ली झालं तर पट्ट्या कोण करणार, तुम्ही साताऱ्याहून येणार का?

कंदीपेढा, सातारा:
पावतीपुस्तकावर हाताने करा. बिघडलेल्या मेटाडेटावर विसंबून लिहीत राहिलं तर एका फाइलचे ब्लॉक दुसरीला वाटले जाऊ शकतात. मग जी खाती शाबूत होती तीही जातात.

रात्रपाळी:
ईआयओ वर फेकून काय होतं, तेही सांगतो. मी अशा प्रोग्रॅमांची दुरुस्ती करतो. रीडने उणे एक, म्हणजे एरर, परत दिलं तरी तपासतो कोण? बफर (वाचलेलं ठेवायची मेमरीतली जागा) आधी शून्याने भरलेला असला की खात्यावर बाकी शून्य दिसते आणि त्यावरच पुढची नोंद पडते. फाइल एममॅप केलेली (थेट मेमरीत जोडलेली) असेल तर ईआयओ येतच नाही, सिगबस हा सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो. खरं सांगू, तेच बरं. निदान चुकीची नोंद तरी होत नाही.
आणखी एक. खराब सेक्टरवर नवीन काही लिहिलं की डिस्क गरज पडल्यास ती जागा बदलून घेते आणि स्मार्टमधला (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदींतला) १९७ नंबरचा आकडा, म्हणजे संशयित सेक्टरांची संख्या, खाली येतो. मालक म्हणतो, झाली की बरी! त्याच डिस्कवर पुढचा हंगाम काढतात.

भडंगप्रेमी:
ते पटलं. पण झटण्याचं काय? डीडीरेस्क्यू हा डेटा वाचवायचा प्रोग्रॅम तेच करतो: आधी चांगला भाग उचलतो, खराब जागा मॅपफाइलमध्ये टिपतो आणि शेवटी त्यांच्यामागे लागतो. त्याला चालतं, मग ड्रायव्हरला का नाही?

कृष्णाकाठ, सांगली:
कारण डीडीरेस्क्यू चालवताना दुकान बंद असतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची, रात्रभर काय झटायचं ते झटू दे, कुणी अडून बसलेलं नसतं. ड्रायव्हरला कसं कळणार की समोर उधारीची फाइल आहे की कुठल्यातरी लग्नाचा व्हिडिओ? ते मालकाला ठाऊक. मग किती झटायचं तेही त्यालाच ठरवू दे.

भडंगप्रेमी:
मालकाला विचारून बघा. 'सगळं वाचवा आणि लगेच वाचवा' म्हणेल.